सहा टोप्या, तीन स्क्रू

कुलूप

"ती मांडणी का पडली, एवढंच मला कळायला हवं," सून म्हणाली. "आणि उद्या सकाळच्या आत."

टिपकागदबाईंनी चष्मा पुसला. खासगी तपासाच्या धंद्यात त्यांना हे नाव पडलं होतं, कारण समोरच्याने सांडलेलं त्या मुकाट्याने टिपून घेत. शेजारी त्यांचे दीर बसले होते. आयुष्यभर लोकांचे दात उपटून निवृत्त झालेले हे भाऊजी आता वहिनींची गाडी चालवत आणि चुकीचे अंदाज बांधत.

"उद्या सकाळी काय आहे?"

"भंगारवाला. धाकट्या काकांनी बोलावलाय. अप्पांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, गॅरेजमध्ये सुतारकामाची खोली थाटली होती. तिथली सगळी हत्यारं तो नेणार."

"आणि अप्पा?"

"इस्पितळात. बेशुद्ध आहेत. काल दुपारी भिंतीवरची मांडणी लाकडांसकट अंगावर आली. मी स्वयंपाकघरात होते, आवाज ऐकून धावले." तिने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "काका म्हणतात, घरात ही एकटीच होती. एवढंच म्हणतात, पण सगळ्यांसमोर म्हणतात. आणि माझा नवरा काहीच म्हणत नाही."

गाडीत बसल्यावर भाऊजी म्हणाले, "बाई घाबरलीय, वहिनी. काहीतरी लपवतेय."

"लपवतेय खरं. पण तिने काय विचारलं, ऐकलंत? मांडणी कोणी पाडली असं नाही. का पडली, असं."

भिंत

घराच्या कडेने अरुंद बोळ. भाऊजींना पोट आत घेऊन चालावं लागलं. बोळाच्या आतल्या टोकाला काकांची स्कूटर, अलीकडे गॅरेज, आणि गॅरेजला नवं कोरं कुलूप.

काकांनी उजव्या हाताने किल्ली घातली, तोंड वाकडं केलं आणि ती डाव्या हाताने फिरवली. "कडक आहे," ते म्हणाले. "लवकर आटपा. सकाळी हे सगळं रिकामं व्हायचंय."

आत काल थांबलेलं सगळं तसंच होतं.

हत्यारांचा फळा. प्रत्येक हत्याराभोवती पेन्सिलीने काढलेली आकृती, म्हणजे करवत करवतीच्याच जागी जाईल. काचेच्या बरण्या, लांबीप्रमाणे स्क्रू. मधोमध कामाचं टेबल, भाऊजी त्यावर रेलायला गेले आणि कमरेत वाकले. "कोणाच्या मापाचं केलंय हे?"

बाई टेबलाच्या उजव्या टोकाला बसवलेला, लाकूड पकडायचा शिकंजा उघडून मिटून बघत होत्या.

सून दारातून आत आली. जमिनीवर पडलेली पेन्सिल तिने उचलली, डाव्या कानामागे खोचली, मग दचकून काढली आणि टेबलावर ठेवली.

टेबलाच्या मागेच ती भिंत. खाली लाकडांचा ढीग, सगळ्या फळ्यांची टोकं वखारीच्या हिरव्या रंगात बुडवलेली. ढिगात तीन लोखंडी ब्रॅकेट. दोन फळ्या मात्र पलीकडे दाराशी नीट उभ्या, भिंतीला टेकवलेल्या.

"भाऊजी, स्क्रू शोधा."

भाऊजी गुडघ्यांवर बसले. कुरकुरत, भुशात बोटं फिरवत. "तीन. प्रत्येकाला भिंतीत स्क्रू धरणारी प्लास्टिकची गिट्टी आणि गिलाव्याचा लचका चिकटलेला. आणि स्क्रूच्या डोक्यावर बसवतात त्या पांढऱ्या टोप्या. त्या मात्र सहा आहेत."

"भिंत बघा."

भिंतीत भोकांच्या दोन ओळी होत्या. खालची तीन भोकं फाटून वाटीएवढी झालेली. वरची तीन गोल, स्वच्छ, आणि गिट्ट्या आत शाबूत.

"खालच्या दाढा मोडून आल्यात," भाऊजी म्हणाले. "वरच्या मात्र कोणीतरी हलक्या हाताने काढल्यात. मी काढायचो तशा."

"भाऊजी, आज गाडीचं पेट्रोल वसूल झालं."

आवाज

"काका, काल दुपारी तुम्ही कुठे होतात?"

"बाहेर. सकाळीच स्कूटर काढली. लाकडं आली तेव्हा मी घरात नव्हतोच. अहो, पासष्टीला हे सुतारकामाचं खूळ कशाला? मी दादाला म्हटलं होतं, स्कूटर ठेवायला गॅरेज दे. पण दादा माझं कधी ऐकतो?"

"घरात कोण होतं?"

"ही. दुसरं कोण?"

सुनेने चहा आणला. काकांनी कप डाव्या हाताने घेतला. उजवी मूठ मांडीवर मिटलेलीच.

*

"मास्तर, तुम्ही शेजारी. काही ऐकलंत?"

"काय ऐकलं नाही ते विचारा. मी व्हायोलिन शिकवतो, बाई. सकाळी टेम्पोवाला हॉर्न वाजवत बसला, का, तर बोळात स्कूटर. शेवटी तिच्याच तोंडाशी सगळी लाकडं टाकून गेला. दुपारी शिकवणीच्या वेळी धाडधाड, धाडधाड. मग फटफट. जरा सूर लागतो न लागतो तोच तो भयंकर आवाज. त्यानंतर मी व्हायोलिन खाली ठेवलं."

"भांडण ऐकलंत?"

"अप्पांचं? अहो, त्या माणसाने माझ्याकडे येऊन आवाजाची माफी मागितली होती. म्हणाला, थोडे दिवस सोसा, शिकणारा नवा आहे. मी म्हटलं, या वयात शिकताय, कौतुक आहे."

*

नवरा इस्पितळातून आला. दाढी वाढलेली, हातात अप्पांच्या वस्तूंची पिशवी.

"कसे आहेत?"

"पापण्या हलतात. पलंग आखूड पडतो, पाय बाहेर येतात. उजवा हात मोडलाय. शुद्धीवर आले तरी कितीतरी दिवस त्यांना घास भरवावा लागेल."

"तुमच्या बायकोबद्दल काका जे बोलतात, ते तुम्हाला पटतं?"

त्याने पिशवी बाईंपुढे ठेवली. "मला काही कळत नाही, बाई."

दाराआड भांड्याचा आवाज झाला. तिने ऐकलं होतं.

पिशवीत चष्मा, रुमाल आणि शर्टाच्या खिशात सापडलेली कागदाची पुडी. बाईंनी ती उलगडली. लांब, चकचकीत स्क्रू. नवे.

बरणी

गॅरेजमध्ये परत येऊन बाईंनी आखूड स्क्रूंची बरणी टेबलावर पालथी केली. सगळे नवे, चंदेरी. त्यात तीन वेगळे. त्यांच्या आट्यांत विटेचा लाल चुरा भरलेला.

"काकाच," भाऊजी कुजबुजले. "वहिनी, ते डावखुरे आहेत. चहाचा कप बघितलात? हा शिकंजाही डावखुऱ्यासाठीच बसवलाय. त्यांनीच स्क्रू काढले आणि मांडणी पाडली."

"घरात डावखुरं माणूस एकच आहे, भाऊजी. आणि मांडणी पाडायची म्हणून जो स्क्रू काढतो, तो ते मापाच्या बरणीत परत टाकत नाही. बोलवा सगळ्यांना. आणि तुमचा चिमटा आहे ना गाडीत?"

रिकामी आकृती

सगळे भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. काका दाराजवळ, नवरा बरण्यांजवळ, मास्तर उंबऱ्यावर. सून टेबलापाशी, नेमकी जिथे रोज उभी राहत होती तिथे.

ते 'रोज' अजून बाईंशिवाय कोणी ओळखलं नव्हतं.

"ही खोली अप्पांची नाहीच," त्या म्हणाल्या. "अप्पा उंच, उजव्या हाताचे. हे टेबल ठेंगणं आहे. उजव्या हाताचा माणूस शिकंजा डाव्या टोकाला लावतो, हा उजव्या टोकाला आहे. पेन्सिल डाव्या कानामागे जाते. मास्तर, शिकणारा नवा आहे असं अप्पा म्हणाले, ते स्वतःबद्दल नव्हतं. हे हिच्यासाठी चाललं होतं. आणि ती मांडणीही हिनेच लावली."

नवऱ्याने बायकोकडे पाहिलं.

"तुला मी सांगणार होते," ती म्हणाली. "पहिली खुर्ची झाली की. अप्पाच म्हणाले होते, आधी बसायला दे, मग सांग."

"म्हणजे हिनेच मारलं की त्यांना," काका म्हणाले. "आता तर सिद्धच झालं."

कालपासून सून हेच वाक्य स्वतःशी म्हणत होती.

"थांबा. सहा टोप्या, म्हणजे सहा स्क्रू होते. वजनाने उपटून आले तीन. वरचे तीन आधीच काढले होते, आणि ते आखूड स्क्रूंच्या बरणीत नीट जागच्या जागी गेले. हत्याराला हत्याराची जागा देणारा या घरात कोण?"

"अप्पा," नवरा म्हणाला.

"अप्पा. त्यांनी सुनेचं काम तपासलं. स्क्रू आखूड होते." त्या सुनेकडे वळल्या. "ते आखूडच होते, पोरी. खोटं सांगणार नाही. पण त्यांना तुला टोकायचं नव्हतं. त्यांनी वरचे स्क्रू काढले, तुझ्या लक्षात येऊ नये म्हणून रिकाम्या भोकांवर टोप्या परत दाबल्या आणि लांब स्क्रू आणायला गेले. ती पुडी त्यांच्या खिशात मिळाली. वरचे बदलून झाले की खालचे बदलणार होते. मांडणी रिकामी होती, रिकामी ती खालच्या तिघांवर सहज राहते. तेवढ्यात कोणीतरी तिच्यावर लाकडं चढवली."

"अप्पांनीच चढवली असतील," काका म्हणाले.

"वरचे स्क्रू काढलेत हे फक्त त्यांनाच माहीत होतं. ते कशाला चढवतील? लाकडं बोळात पडली होती, तुमच्या स्कूटरच्या तोंडाशी. त्या बोळात भाऊजींचं पोट मावत नाही. लाकडं हलल्याशिवाय स्कूटर निघणं शक्य नव्हतं, आणि दुपारी ती निघाली. मास्तरांनी दोन्ही ऐकलं, आधी धाडधाड, मग फटफट. सकाळीच बाहेर पडलो, असं तुम्ही मला सांगितलंत. काका, उजवी मूठ उघडा."

काकांनी मूठ उघडली. तळवा सुजलेला, त्यात खोल गेलेलं लाकडाचं कुसळ. भाऊजींनी हात उजेडात धरून ते चिमट्याने ओढून काढलं. त्याच्या टोकाला हिरवा रंग होता.

"मला काय माहीत स्क्रू नाहीत ते?" काका म्हणाले. आवाज एकदम म्हातारा झाला होता. "मला उशीर होत होता. रागाने टाकली वर. दादावर पडावी म्हणून नाही."

"नाही. लाकडं वर ठेवणं हा गुन्हा नव्हे. संध्याकाळी परत आलात, सगळं तुमच्या ध्यानात आलं, आणि तुम्ही हिच्याकडे बोट दाखवलंत. त्याला काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा."

"पण वहिनी," भाऊजी म्हणाले, "अप्पांना धोका माहीत होता. मग ते मांडणीखाली गेलेच कशाला?"

बाईंनी दाराशी उभ्या असलेल्या दोन फळ्यांकडे बोट दाखवलं.

"या त्यांनी उतरवल्या. एकेक करून, घाईने. कारण मांडणीच्या पुढ्यातच हे टेबल आहे, आणि टेबलापाशी कोण उभं राहतं ते त्यांना माहीत होतं. तिसरी काढताना मांडणी आली."

सून टेबलाची कड घट्ट धरून उभी होती. रडली नाही. नवरा तिच्याकडे एक पाऊल आला.

"मी..." तो म्हणाला.

"आत्ता नको," ती म्हणाली. "स्टूल धर."

तिने खालची फाटलेली भोकं सोडून बाजूला नवी पाडली. डाव्या हाताने ड्रिल, उजव्याने आधार; फळ्यावरची ड्रिलची पेन्सिलीची आकृती रिकामी. लाल चुरा तिच्या केसांत पडत होता. पुडीतले लांब स्क्रू नवरा एकेक करून देत गेला. काका कुलूप हातात घेऊन कोपऱ्यात उभे होते. ते खाली ठेवावं की खिशात घालावं, हे त्यांना सुचत नव्हतं.

शेवटचा स्क्रू बसला. टोप्या तिने लावल्या नाहीत.

"आता वजन," बाई म्हणाल्या.

सर्वांनी लाकडांच्या ढिगाकडे पाहिलं. तिने पाहिलं नाही. तिने दोन्ही हातांनी मांडणी पकडली, डोळे मिटले आणि स्टुलावरून पाय उचलले.

लोखंड किंचित करकरलं. नवऱ्याचे हात आपोआप पुढे झाले आणि तिला न शिवता तिथेच थांबले.

ती लोंबकळत राहिली. भिंतीतून कणभरही चुरा पडला नाही.