गडाच्या पोटातली विहीर

घराचे नळ सकाळपासून कोरडे होते. रस्त्यावर कुठेतरी पाइप फुटला होता, आणि धाकटा कॉम्प्युटरसमोर बसून विहीर खणत होता.

"घरात थेंब नाही, आणि हा गेममध्ये पाणी आणतोय," ताई म्हणाली. "आमच्या बादलीत पण सोड की थोडं." ती बादली घेऊन खाली टँकरवर गेली. बोलताना ती हसली नव्हती, आणि धाकटाही हसला नाही. दादा गेल्यापासून या घरात विनोद व्हायचे ते असेच, सवयीनं.

गेम दादाचा होता. डोंगर पोखरून बुटक्या माणसांनी वसवलेला गड. आपण हुकूम द्यायचा, ती सवडीनं कामं करणार. दादानं त्यांना घरातली नावं दिली होती. ताई गवंडी, धाकटा खाणकामगार, दादा स्वतः सरदार. आई तेवढी नव्हती. "तिला इथलीच कामं थोडी आहेत का?" म्हणायचा.

दादा दवाखान्यात गेला तेव्हा गडाला वेढा पडलेला होता आणि सरदार पाय मोडून गडावरच्या वॉर्डात आडवा होता. दाराबाहेर नदी, पण नदीकाठी शत्रू. आत दारूची पिंपं भरलेली, पण या गेमचा नियमच आहे की जखमीला दारू चालत नाही, पाणीच लागतं. पडद्याच्या तळाशी ओळ सारखी येत होती : दादा तहानेने व्याकूळ आहे.

दादाच्या मागे राहिलेल्या वस्तूंपैकी एवढी एकच अजून हलत होती. तीही थांबली तर काय, याचा विचार धाकट्यानं केला नव्हता.

स्वयंपाकघरात आई खुर्चीवर बसली होती. दवाखान्यात दादाच्या ऑपरेशननंतर तोंडानं काही द्यायचं नाही, असं नर्सनं बजावलं होतं. तो पाणी मागत राहिला, आणि आई ओला कापूस त्याच्या ओठांवरून फिरवत राहिली. "उद्या, बाळा. उद्या देते." उद्या आला, पण दादा नव्हता.

धाकट्यानं नदीपासून डोंगराच्या पोटातून बोगदा काढला. वॉर्डाखाली हौद, हौदावर विहीर, बोगद्याच्या तोंडाशी झडप, आणि झडपेचा खटका दूर वरच्या दालनात. खटका ओढायचा हुकूम दिला. झडप उघडली. निळं पाणी आत धावलं.

तेव्हा त्याला दादाचं बोलणं आठवलं. "नदी आपल्यापेक्षा उंच आहे, येड्या. पाणी आपली उंची विसरत नाही. वाटेत एक तिरका बोळ ठेव, जोर मोडतो. नाहीतर विहिरीतून वर येऊन झोपलेल्यांना घेऊन जाईल."

बोगदा नाकासमोर सरळ होता.

हौद भरला. पाणी विहिरीच्या काठावर आलं आणि वॉर्डाच्या फरशीवर पसरू लागलं. धाकट्यानं खटका परत ओढायचा हुकूम दिला. पण कुणी झोपलं होतं, कुणी पीत बसलं होतं. हुकूम तसाच लटकून राहिला. त्याला भीती वाटायला हवी होती. तो हात मांडीवर ठेवून बघत राहिला, दवाखान्याच्या बाकावर बसला होता तसाच.

खोलीत ओल्या दगडाचा वास आला.

"काय झालं रे?" आतून आईनं विचारलं.

"काही नाही. दादाच्या... पलंगापर्यंत पाणी आलंय."

"मग कुणी बंद नाही का करत?"

"कुणी मोकळं नाहीये, आई."

स्वयंपाकघरात खुर्ची सरकली.

"मी आहे ना मोकळी..."

पडद्यावरचं पाणी पलंगाच्या पायाशी थांबलं. हळूहळू ओसरलं. तळाशी ओळ आली : आईने खटका ओढला. तिच्याखाली दुसरी : आईने दादाला पाणी पाजले.

धाकट्यानं गडाचा कोपरा न् कोपरा धुंडाळला. वॉर्डात पलंगाशेजारी एक बारीक आकृती बसली होती. ती त्यानं कधी पाहिली नव्हती.

मागं पावलांचा आवाज झाला. दारात आई उभी होती. हातात रिकामा पेला, कपडे गुडघ्यापर्यंत भिजलेले.

"गटागटा प्यायला," ती म्हणाली. "किती तहानला होता... आता झोपलाय."

धाकट्यानं मान हलवली आणि पुन्हा पडद्याकडे पाहिलं. आकृती तिथंच होती.

जिन्यावरून धापा टाकत ताई वर आली. बादली ठेवून तिनं आधी स्वयंपाकघरात पाहिलं, मग इथं.

"आई कुठंय रे?"

त्यानं वळून पाहिलं. उंबऱ्यावर पाण्याचं थारोळं होतं, आणि त्यात आडवा पडलेला पेला.

"कुठं गेली? खाली तर आली नाही... आणि हे पाणी कुठलं? नळ आले का?"

धाकटा उठून स्वयंपाकघरात गेला. नळ सोडून पाहिला. कोरडाच होता. परत आला तेव्हा पडद्याच्या तळाशी नवी ओळ आलेली होती.

आई तिथून उठायला तयार नाही.