जीवनचा पहिला बाप्तिस्मा

बडनेरा स्टेशनाबाहेर शेअर ऑटोत सुवार्ता तायडे कशीबशी कोपऱ्यात बसली, तेवढ्यात एका मुलानं अर्धं अंग आत घालून आधी तिच्या मांडीवर हार्मोनियमची पेटी ठेवली आणि मग परवानगी मागितली.

"धरता काय जरा? राजापेठेपर्यंतच."

"ठेवून तर झाली," ती म्हणाली.

"जड वाटली तं सांगा... मी गाऊन दाखवतो, ओझं हलकं होते."

"आणि गाण्यानं वाढलं तर?"

तो हसला. जानेवारीची सकाळ, ऑटोला पडदे नाहीत, वारा थेट कानात शिरत होता. तरी सुवार्ताला राजापेठ जरा लवकरच आली असं वाटलं. दोघं एकाच ठिकाणी उतरले, एकाच फाटकातून आत गेले, आणि मग उलगडा झाला. ख्रिस्ती ऐक्य सप्ताहासाठी अमरावती-अकोल्याच्या सगळ्या चर्चचा मिळून एक गायकवृंद बसवायचा होता. ती गायला आली होती, तो पेटी वाजवायला. जीवन खंडारे त्याचं नाव. रेल्वेत नोकरी, राहायला इथेच अमरावतीच्या राजापेठेत आईजवळ, वडील वारलेले, घर कॅथलिक. सुवार्ता अकोल्याच्या कृषी विद्यापीठात माती तपासायची, आणि तिचे पप्पा तिथल्याच एका प्रॉटेस्टंट चर्चचे पाळक होते.

सराव प्रभूच्या प्रार्थनेनं सुरू व्हायचा. कॅथलिक मंडळी जिथे थांबतात, तिथून पुढे सुवार्ताची माणसं आणखी एक ओळ म्हणतात. पहिल्या दिवशी ती ओळ तिनं एकटीनंच म्हटली आणि कानापर्यंत लाल झाली. दुसऱ्या दिवशी शेजारून एक हलका पुरुषी आवाज तिच्यासोबत शेवटपर्यंत आला... तिनं वर पाहिलं नाही. पाहायची गरजच नव्हती.

समारोपाला पाळक तायडे बोलायला उभे राहिले. आपण एका शरीराचे अवयव आहोत, भिंती माणसांनी बांधल्या, असं ते इतकं मनापासून बोलले, की पहिल्या रांगेतल्या फादरांनी उठून त्यांना मिठी मारली. सुवार्तानं पेटीमागे बसलेल्या जीवनकडे पाहिलं. तो तिच्याकडेच पाहत होता.

मग चर्चमधली रविवारची मिस्सा आटोपून तो अकोल्याला येऊ लागला. विद्यापीठाच्या रस्त्यावर दोघं चालायचे, ती त्याला कुठली माती कशाला चांगली ते सांगायची, आणि तो म्हणायचा की मातीचं जाऊ दे, माझं काय तपासून राहिली ते सांग. एकदा तिनं सांगितलं, नमुना बरा आहे, ठेवून घ्यावा म्हणते.

पप्पांना जीवन आवडला. लग्नाला नाही म्हणाले नाहीत. फक्त त्याला आधी बाप्तिस्मा घ्यावा लागेल म्हणाले. जीवन म्हणाला, झालेला आहे. पप्पांनी समजुतीनं सांगितलं, की लहान मुलाच्या कपाळावर पाणी घातलं तर तो बाप्तिस्मा होत नाही; कळत्या वयात, पाण्यात पूर्ण बुडून घ्यावा लागतो.

बाहेर आल्यावर जीवन फाटकाशीच थांबला. मग त्यानं सांगितलं. तो सातव्या महिन्यात जन्मला होता. श्वास नीट लागत नव्हता, डॉक्टरांनी आशा सोडलेली, फादर येईपर्यंत थांबायला वेळ नव्हता. तेव्हा त्याच्या आईनं, मोनिकाबाईनं, खाटेवरूनच हात लांबवून वाटीतलं पाणी त्याच्या डोक्यावर घातलं होतं.

"माह्या आईच्या हातचं हाय ते, सुवार्ता."

तिला भरून आलं. पण तिला तो हवा होता, आणि लवकर हवा होता. ती म्हणाली, "एका बुडीचा तर प्रश्न आहे... माझ्यासाठी."

मोनिकाबाईही मोडता घालणाऱ्या नव्हत्या. लग्न तुमच्या चर्चमध्ये करा, तुमच्या पद्धतीनं करा, मी येईन म्हणाल्या. मागणं एकच होतं, की त्याचा पहिला बाप्तिस्मा झालाच नव्हता असं कोणी म्हणू नये. सुवार्तानं तसा शब्द दिला.

मार्चमधल्या एका रविवारी अकोल्यात टँकर मागवून चर्चमागचं टाकं भरलं. नळाला पाच दिवसांपासून पाणी नव्हतं. पांढऱ्या सदऱ्यात जीवन कमरेइतक्या पाण्यात उभा राहिला. ठरलेले प्रश्न झाले, त्यानं उत्तरं दिली. मंडळीतले वडीलधारे काठावर उभे होते. त्यांच्याकडे एकवार पाहून पप्पांनी न ठरलेला प्रश्न विचारला.

"लहानपणी तुझ्यावर जे पाणी घातलं, तो बाप्तिस्मा नव्हता, हे मान्य आहे?"

जीवननं सुवार्ताकडे पाहिलं. ती चार हातांवर होती. नाही म्हण, एवढंच डोळ्यांनी सांगायचं होतं. तिनं हळूच मान हलवली — हो.

"मान्य आहे," तो म्हणाला, आणि पाण्याखाली गेला.

कोणीतरी मोबाइलवर ते टिपलं, आनंदानं मंडळीच्या ग्रुपवर टाकलं. संध्याकाळपर्यंत ते राजापेठेत मोनिकाबाईंपर्यंत पोचलं.

सुवार्ता दुसऱ्याच दिवशी धावत अमरावतीला गेली. मोनिकाबाईंनी दार उघडलं, पाणी दिलं, चहा ठेवला. ती माफी मागत राहिली. बाईंनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "तुह्या पप्पावर राग नाही माहा. त्यायले तसंच शिकवलं असंल. पण पोरगी, मी त्यावेळी पाणी कशाले घातलं? तो जाईल तं देवानं त्याले ओळखावं म्हणून. अन् त्यानंच म्हणावं, ते काही नव्हतं?"

रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी तिच्या हातात कप दिला आणि स्वतः मिस्सेला निघून गेल्या.

साखरपुड्याची तारीख काढलेली होती. जीवन अकोल्याला येत राहिला, पण चालताना अंतर ठेवू लागला. पेटीला तो हात लावत नव्हता. एका दुपारी झाडाखाली सुवार्तानं त्याचा हात धरला, आणि त्यानं तो सोडवून घेतला... अगदी सावकाश, दुखू नये तसा.

"कोर्टात लग्न करू," ती म्हणाली. "ना तुझं चर्च, ना माझं."

"चर्चचं काय घेऊन बसली? तुह्याकडं पायलं का मले ते टाकं दिसते. मी नाही म्हणणार होतो, सुवार्ता. तुले इचारलं फक्त."

तो निघाला तेव्हा तिनं त्याला हाक मारली नाही, कारण थांबला असता तर काय सांगायचं, हे तिला माहीत नव्हतं.

पप्पांनी तिची समजूत काढली. त्याचा विश्वासच कच्चा होता म्हणाले.

"विश्वास नाही, पप्पा. आपण दोघांनी मिळून त्याच्याकडून त्याची आई नाकारून घेतली," ती म्हणाली. पप्पा जेवण तसंच ठेवून उठले.

पुढच्या रविवारी चर्चमध्ये प्रभुभोजन होतं, सगळ्या मंडळीनं भाकरीचा तुकडा घ्यायचा विधी. आपण पुष्कळ जण, तरी भाकर एकच, असं पप्पा म्हणाले, आणि तुकड्यांची थाळी बाकाबाकांवरून फिरू लागली. सुवार्तापाशी ती आली. पप्पा वरून पाहत होते. तिनं थाळी दोन्ही हातांनी धरली, क्षणभर मांडीवर ठेवली आणि काही न घेता शेजारणीकडे दिली.