सुरवंटाची मागची जागा

सुरवंट मीच शिवला होता. पुढचं तोंड माझं, मागचं शेपूट मामेबहिणीचं, मधे सलग हिरवं कापड. वर्षातून एकदा आमचं शहर सोंगं घेऊन नदीत होड्या वल्हवतं. शर्यत आपली नावाला. पण यंदा बहिणीला ऐनवेळी ताप भरला, आणि मी काठावर अर्धा सुरवंट होऊन एकटीच उभी... तेवढ्यात मागून आवाज आला, "मी बसू का?"

मी शिवणकाम करते त्या खोलीखाली चष्म्यांचं दुकान आहे, तिथला चष्मेवाला. इतक्या दिवसांत आमचं बोलणं 'आज उकडतंय नाही' यापुढे सरकलं नव्हतं. बसा म्हटलं. बसला बापडा.

पण कापड बहिणीच्या मापाचं. ती बुटकी, हा ताडमाड. तो वाकला की मी मागे खेचली जायची, मी वाकले की त्याची मान खाली. होडी जागच्या जागी गरगर. पोस्टातल्या बायका कोंबड्या होऊन शेजारून गेल्या, त्यांनी आमची यथेच्छ टिंगल केली. शेवटी म्हटलं, मी एक-दोन म्हणते, दोघं एकदम वाकू. मग जमलं. चक्क जमलं.

दादानं त्याच्या शहरात शिवणाचं मोठं दुकान काढलं होतं. ये म्हणून सारखा मागे लागलेला, आणि संध्याकाळपर्यंत मला हो की नाही ते कळवायचं होतं. इथं माझं होतं काय? भाड्याची खोली आणि एक मशीन. जाऊ नकोस म्हणणारं कुणी नव्हतं. हे सगळं मी मागे बसलेल्या चष्मेवाल्याला सांगून बसले. समोर चेहरा नसला की जीभ सैल सुटते.

तो म्हणाला, मोठं दुकान म्हणजे चांगलंच की, जायला हवं.

मला असा राग आला... का, कोण जाणे! मग जातेच, म्हटलं, आणि वल्हं दाणकन मारलं. एक-दोन म्हणायचं राहिलं. मी इकडे, तो तिकडे, होडी कलंडता कलंडता सावरली. मागे श्वास अडकल्याचा आवाज झाला. त्या कापडात मला वळताही येईना.

"पोहता येत नाही की काय?"

"नाही."

"मग कशाला मरायला बसलात?"

"तुमच्यामागची जागा पुन्हा कधी रिकामी मिळाली असती?" तो अडखळला. "आणि मगाशी मी... खोटं बोललो. जाऊ नका. वर तुमचं मशीन सुरू झालं की माझी सकाळ होते. मला तुम्ही आवडता. फार."

माझ्या डोळ्यांत पाणी आणि तोंडावर हसू, दोन्ही एकदम. मी हात तसाच मागे केला. त्यानं धरला. काठ येईपर्यंत सोडला नाही. वल्ही मांडीवर, होडी आपली वाहत चालली — आम्ही सगळ्यांत शेवटी पोचलो.

काठावर ओल्या हातांनीच दादाला फोन लावला. म्हटलं, मी येत नाही. का, तर इथं एकाला मी हवीये.

दादानं विचारलं, "कसा आहे?"

"भित्रा आहे रे. पाण्याला तर फारच घाबरतो. तरी माझ्यासाठी होडीत बसला."

"मग राहा बाई तिथंच," दादा म्हणाला.