दहा मिनिटं पुढची चावी

"ओळख पटली नाही." लॅपटॉपने सातव्यांदा तेच सांगितलं.

जुईची आई चंद्रावरच्या तळावर भूगर्भशास्त्रज्ञ (जमिनीच्या पोटातल्या खडकांचा अभ्यास करणारी) होती. उद्या ती तीन महिन्यांसाठी चंद्राच्या पलीकडच्या बाजूला जाणार होती आणि तिथून बोलता येणार नव्हतं. आज संध्याकाळी सहा ते सहा-दहा एवढीच काय ती वेळ. त्यात मागच्या खेपेला जुई रुसून बसली होती, आईशी एक शब्द बोलली नव्हती. ते तिला आठवडाभर टोचत होतं.

गच्चीवर अवकाश केंद्राने राउटर (यंत्रांना बिनतारी जाळ्याशी जोडणारी पेटी) बसवला होता. त्यावर नोंद फक्त या एका लॅपटॉपची. जुईने वाय-फाय बंद करून पुन्हा चालू केलं, लॅपटॉपही बंद-चालू करून पाहिला, गच्चीवर पळत जाऊन राउटरचा प्लग काढून लावला. सिग्नलच्या चारही रेघा भरलेल्या, पासवर्डही बरोबर. आजोबांनी सदऱ्याच्या टोकाने स्क्रीन पुसली. त्यांच्या परीने तीही दुरुस्तीच होती.

लॅपटॉपवर सहा-दहा झाले. "गेली वेळ," जुई म्हणाली आणि तिने उशीत तोंड खुपसलं.

तेवढ्यात ठकी वाळलेले कपडे घेऊन गच्चीवरून खाली आली. ठकी म्हणजे घरची रोबो, कामाला वाघ आणि बोलायला फटकळ. "तो राउटर चांगला धडधाकट आहे," ती म्हणाली. "तो चावी मागतोय आणि तुम्ही भलतीच देताय."

"पासवर्ड बरोबर आहे गं," जुई उशीतूनच म्हणाली.

"पासवर्ड ही निम्मी चावी. उरलेली निम्मी म्हणजे वेळ. लॅपटॉप आणि राउटर, दोघांकडे एकच गुप्त सूत्र (आकडे काढायची ठरलेली रीत) आहे. लॅपटॉप आपलं घड्याळ बघून त्यातून सहा आकडे काढतो. राउटरही स्वतःच्या घड्याळावरून काढतो. आकडे जुळले की दार उघडतं. हे आकडे दर मिनिटाला बदलतात, म्हणून कुणी चोरले तरी पुढच्या मिनिटाला ते शिळे."

जुईने डोकं वर काढलं. "आणि घड्याळंच जुळत नसली तर?"

"मग आकडेही जुळत नाहीत."

जुईने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. सहा वाजून अकरा. लॅपटॉपवरही सहा-अकरा. हे कसं काय? आजोबांनी उभी हयात बसस्थानकावर गाड्या सोडल्या होत्या, आणि कुणालाही उशीर होऊ नये म्हणून घरातलं प्रत्येक घड्याळ ते दहा मिनिटं पुढे ठेवत. घरचे सगळे मनातल्या मनात दहा वजा करत. खरी वेळ बघायची तर ती लॅपटॉपवर.

"आजोबा, तुम्ही लॅपटॉपला हात लावला होता?"

आजोबांनी चष्मा काढला. "सकाळी. म्हटलं, आज आईशी बोलायचंय, उशीर नको व्हायला. ते आपोआप वेळ जुळवायचं बटण बंद करायलाच मला अर्धा तास लागला."

"म्हणजे आपण दहा मिनिटं पुढची चावी देत होतो," जुई म्हणाली, आणि ताडकन उठून बसली. "म्हणजे आत्ता सहा-अकरा नाहीतच."

"सहा वाजून एक मिनिट," ठकी म्हणाली. "रडायला अजून नऊ मिनिटं आहेत. बोलायला वापरलीस तर बरं."

जुईने घड्याळ स्वतःच्या हाताने दहा मिनिटं मागे आणलं आणि ते बटण पुन्हा चालू केलं. क्षणभर काहीच झालं नाही. मग स्क्रीनवर अक्षरं उमटली, 'ओळख पटली'. आजोबा मटकन खुर्चीत बसले. जुईला इतकं हलकं वाटलं की हसावं की रडावं तेच कळेना.

समोर आई आली. तिने तोंड उघडण्याआधीच जुई म्हणाली, "आई, मी रागावलेली नाहीये."

शब्द चंद्रावर जाऊन उत्तर परत यायला अडीच सेकंद लागतात. तेवढा वेळ जुईने श्वास धरून ठेवला.

"ठाऊक होतं मला," आई म्हणाली. "आणि सावकाश बोल, घाई नको. अजून वेळ आहे." तिने मनगट वर केलं. "हे घड्याळ बघून घाबरू नकोस. ते दहा मिनिटं पुढे आहे. सवय लागलीय ना माझ्या बाबांची."

आजोबा चष्मा काढून पुसायला लागले.

"तू मोठी होऊन इकडे आलीस ना, की तुझंही असंच लावून देईन," आई म्हणाली.

"दे," जुई म्हणाली. "पण लॅपटॉपला हात लावायचा नाही."