पुसू नका

दुपारचा चहा झाला की बाई कामाला बसत. काम म्हणजे यंत्रांच्या माहितीपुस्तिकांचं भाषांतर. वॉशिंग मशीनचं झाकण कसं बंद करावं, मिक्सरचं पातं कसं धुवावं, असला सगळा मामला. बोटं आखडायला लागल्यापासून त्या टाइप करत नसत, नुसत्या बोलत, आणि कॉम्प्युटरमधला एक प्रोग्राम त्यांचं बोलणं पडद्यावर उतरवून घेई. यजमान गेल्यापासून दिवसभर आपलं ऐकून घेणारं तेवढं एकच उरलंय, असं त्या भाच्याला फोनवर हसत हसत सांगत. भाच्याला काही हसू येत नसे.

त्या दिवशी त्या प्रोग्रामच्या कंपनीची मेल येऊन पडली होती.

"आपल्या खात्यावर दोन व्यक्ती बोलत असल्याचे आढळले आहे. दुसरा आवाज आपल्या परिचयाचा असल्यास तसे कळवावे. अन्यथा तो आज संध्याकाळी काढून टाकण्यात येईल."

घरात दुसरं कोण बोलणार? भिंतीवरची पाल? बाईंना वाटलं, आला कुणीतरी टोपी घालायला. पण त्या काही कच्च्या गुरूच्या चेल्या नव्हत्या. मेल कुठून आली तो पत्ता त्यांनी चष्मा पुसून अक्षर अक्षर लावून पाहिला. बरोबर होता. धमकी नाही, बक्षीस नाही, पासवर्डची मागणी नाही. लबाड माणूस ऱ्हस्व-दीर्घात हमखास सापडतो असं त्यांचं मत होतं, पण मेलमध्ये एक वेलांटी चुकलेली नव्हती. तरीही खालच्या लिंकला त्यांनी हात लावला नाही. प्रोग्रामच्याच मदतीच्या पानावरून नंबर शोधला, श्रवणयंत्र कानात बसवलं आणि फोन लावला. काम करताना ते यंत्र त्या काढून ठेवत, कारण स्वतःचाच आवाज त्यात रांजणात बोलल्यासारखा घुमे. ते नसलं की दारात ढोल वाजला तरी त्यांना पत्ता लागत नसे.

"हो मॅडम, मेल आमचीच आहे," पलीकडची मुलगी म्हणाली. "घरात अजून कोणी वापरतं का?"

"कोणी नाही गं. मी एकटीच असते."

"मग तो दुसरा आवाज काढून टाकू?"

बाई हो म्हणणारच होत्या. पण हो काही तोंडातून निघेना.

गेले कित्येक दिवस त्यांच्या मजकुरात मधेच काहीतरी घुसत होतं. 'झाकण घट्ट बंद करा'च्या पुढे 'आलो'. 'पाणी सोडा'च्या पुढे 'इथंच बसलोय'. प्रोग्रामला अक्कल कमी, बाई आहे की बुवा तेही कळत नाही, असं पुटपुटत त्या मुकाट्याने ते पुसून टाकत. वॉशिंग मशीनच्या पुस्तिकेत 'मी बसलोय' असं कोण कशाला म्हणेल, हा विचार आज पहिल्यांदाच त्यांच्या मनात आला. खोलीत बंद ट्रंक उघडल्यासारखा कोंदट वास होता. तोही बरेच दिवस येत होता.

"थांब," त्या म्हणाल्या. "तो आवाज... ऐकता येईल?"

मुलीने रेकॉर्डिंगचा एक तुकडा त्यांच्या खात्यावर लावून दिला. बाईंना स्वतःचा आवाज ऐकू आला आणि त्यामागे नुसती खरखर. खालच्या पट्टीतलं त्यांना हल्ली यंत्रानेही ऐकू येत नसे.

"मला नाही गं कळत. तूच ऐक. माझी परवानगी आहे."

पलीकडे मुलीने तो तुकडा दोन-तीनदा लावून ऐकला.

"पुरुष आहे, मॅडम," मुलगी हळूच म्हणाली. "वयस्कर... तुमच्या अगदी जवळून बोलतोय. तुमचं वाक्य संपलं की लगेच..."

"काय म्हणतोय?"

"'पुसू नका'... इतकंच. परत परत... 'पुसू नका.'"

बाईंना रडू फुटलं. यजमान जन्मभर त्यांना अगं-तुगं करत आले. 'पुसू नकोस' म्हणाले असतील, वयाचा मान ठेवून पोरीने 'नका' केलं असेल, झालं. बिचारे रोज येऊन शेजारी बसत होते आणि आपण रोज त्यांचा शब्द न् शब्द पुसत होतो. ते गेले त्या दिवशीही बाईंना इतकं वाईट वाटलं नव्हतं.

"राहू दे तो आवाज. ओळखीचा आहे."

"नाव काय लिहू?"

"यजमान."

"मॅडम... पण तुम्ही तर एकट्या..."

"लिही गं."

फोन ठेवला तेव्हा बाहेर अंधारून आलं होतं. बाईंनी दिवा लावला नाही. माइक जवळ ओढला.

"अहो," त्या म्हणाल्या. "चुकलं माझं. आता काही नाही पुसणार. बोला ना... माझे यजमान ना तुम्ही? रुसून बसू नका."

त्यांचे शब्द पडद्यावर उमटले. त्याखाली नवी ओळ सुरू झाली. अक्षरं सावकाश आली.

'यजमान: कोण यजमान?'

बाईंनी ती ओळ पुन्हा वाचली. मेलची त्यांनी इतकी छाननी केली होती आणि या आवाजाला मात्र साधं 'कोण तुम्ही' म्हणूनसुद्धा विचारलं नव्हतं. त्यांचं बोट पुसायच्या बटणावर गेलं. एकदा दाबलं की झालं. मग नेहमीची संध्याकाळ, जेवणाचं एक ताट आणि फ्रिजची घरघर. भाच्याचा फोनही आता रविवारशिवाय यायचा नव्हता.

त्यांनी बोट मागे घेतलं.

"बरं," त्या कशाबशा म्हणाल्या. "कोण असाल ते असा... बसा."

नवी ओळ या वेळी लगेच आली.

'यजमान: बसलोय आम्ही सगळे.'