तौनोच्या रायफलचं माप

रायफलचं माप बदलायचं का, हा प्रश्न दर शरदात कुणी ना कुणी माझ्या बंदूकदुरुस्तीच्या दुकानात घेऊन येतंच. मी आधी नको म्हणतो. नळीतलं काडतुसाचं घर एकदा कापून मोठं केलं की संपलं, कापलेलं पोलाद परत चिकटवता येत नाही. गिऱ्हाइकं ऐकत नाहीत. मग मी पैसे घेतो आणि कापतो.

आयली कांगास मात्र गिऱ्हाईक नव्हे, आमची शाळेपासूनची ओळख. तिनं नवऱ्याची, तौनोची, रायफल टेबलावर ठेवली. तिची मुलगी सेन्या दारातच उभी राहिली, बुटांवरचा बर्फसुद्धा झटकेना.

“ह्या मापाची काडतुसं आता कुणी करत नाही,” आयली म्हणाली. “नव्या मापाची करून दे. सेन्याला हरणं मारायला होईल.”

“माझं नाव कशाला पुढं करतेस?” सेन्या म्हणाली. “खरं काय ते सांग की काकांना.”

खरं काय ते मला ठाऊक होतं. आमच्याकडं वाट चुकलेला माणूस तीन बार काढतो. ऐकणारा एक काढतो, म्हणजे ऐकलं, आहेस तिथंच थांब, येतोय. तौनो देवदारांच्या दलदलीत हरवला, त्या दुपारी आयलीनं तीन बार ऐकले होते. कुणीतरी हरणामागं असेल, असं समजून ती पावाची कणीक मळत राहिली. पुढं रायफल एका झाडाला टेकवलेली सापडली. तौनो सापडला नाही. तेव्हापासून शिकारीचे दिवस आले की दलदलीतून तीन बार ऐकू येतात, असं दोघी म्हणत.

“ह्या रायफलचाच आवाज, एस्को. झोपेतही ओळखीन मी,” आयली म्हणाली. “माप बदललं की तरी थांबेल. आता सोसत नाही रे मला.”

“बाबा हाका मारतायत, आणि ही त्यांचं तोंड बंद करायला निघालीय.”

“मग तू का नाही कधी उलट बार काढलास?”

सेन्या बुटांवरचा बर्फ झटकू लागली.

“नोव्हेंबरात जंगलात दिवसभर ठो ठो चालूच असतं,” मी म्हणालो. “तुम्हा मायलेकींना दुसरा उद्योग नाही. ठेवा इथं, बघून सांगतो.”

त्या गेल्यावर मी नळीतून चिंधी फिरवली. ती काळीकुट्ट निघाली, ताज्या दारूचा वास मारत होती. सेन्यानं चोरून उडवली असणार, म्हणून मी चरफडलो. नळी लख्ख करून रायफल लोखंडी कपाटात ठेवली आणि किल्ली खिशात टाकली.

सकाळी चिंधी पुन्हा काळी निघाली. काडतुसाच्या घरात देवदाराची ओली पानं चिकटली होती.

तोवर आयलीला नकोच म्हणायचं ठरवलं होतं. एवढी जुनी, सुरेख वस्तू बिघडवायला जीव होत नव्हता. आता मलाच ती बदलून टाकायची घाई झाली. भीतीपोटी कापली, खोटं कशाला बोलू?

काम झाल्यावर दोघींना बोलावलं. आयली दुकानामागच्या बाकावर कॉफी घेऊन बसली. सेन्या माझ्याशी बोललीसुद्धा नाही. नव्या मापाची रायफल तपासताना निशाणावर लागोपाठ तीन गोळ्या झाडायच्या असतात. छिद्रं जवळजवळ पडली की काम चोख. हाताला सवयच झालेली, तीन झाडल्याही. आवाज नवा होता, जड आणि कोरडा. आयलीनं डोळे मिटले आणि सुटल्यासारखा श्वास सोडला.

“काका,” सेन्या म्हणाली, “तुम्ही तीन काढलेत.”

“तपासायचे होते ते. हाक थोडीच मारली?”

दलदलीकडून एक बार आला.

जुन्या काडतुसाचा.

आयलीच्या हातातला पेला कलंडला, कॉफी बर्फावर सांडली.

“आत चला,” मी म्हणालो.

“आता हलायचं नाही,” आयली म्हणाली. तिचे ओठ पांढरे पडले होते. “हाक आपण मारलीय, एस्को. तिथंच थांबायचं असतं.”

दुकानाचं दार समोर दिसत होतं. माझा पाय उचलेना.

दुसरा बार वाटेतल्या ओढ्याच्या अलीकडून आला.

तिसरा इतक्या जवळून, की छपरावरचा बर्फ घसरून खाली आला.

मग काहीच नाही. आम्ही किती वेळ कान लावून होतो कुणास ठाऊक. सेन्यानं माझी बाही घट्ट धरली होती.

“गेले का?” तिनं हळूच विचारलं.

शोधायला निघालेला माणूस अधूनमधून बार काढत येतो, तो आपण त्याला दिसेपर्यंतच.

आयली शेजारी जागा करत बाकावर जरा सरकून बसली.