आआ दगडाची विहीर

धुळ्याच्या कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवणारी नूतन त्या रविवारी अमळनेरजवळ मामांच्या शेतावर गेली, ती नुसती विहीर बघायला. प्रेमराजमामांनी खोदायला घेतलेली विहीर अर्ध्यावरच थांबली होती. मजूर आत उतरायला तयार नव्हते.

"खाले कोनीतरी कण्हस, बेटा," मामा हळूच म्हणाले.

"वारा असेल मामा," नूतन हसली. जाड बूट चढवून ती दगडमाती उपसायच्या यारीच्या बादलीत उभी राहिली. मामांचा गडी वना याने यारी सुरू केली आणि भर दुपारचं ऊन तिच्या डोक्यावरून वर वर निसटत गेलं.

भिंतीत आधी गुळगुळीत, पिळलेल्या दोरखंडासारखा काळा थर लागला. त्याखाली बोचरा, ओबडधोबड थर. लाव्हाच्या या दोन दगडांची हवाई बेटांवरची नावं ती दरवर्षी वर्गात सांगायची. गुळगुळीत तो पाहोइहोइ, खडबडीत तो आआ. पहिल्यावर अनवाणी चालता येतं. दुसऱ्यावर पाय पडला की तोंडातून आपोआप त्याचं नावच निघतं, हा तिचा ठरलेला विनोद. मुलं हसायची.

तळाशी ओल्या मातीचा वास यायला हवा होता. येत होता तो जळक्या दगडाचा.

"आ..."

अगदी कानाशी. खडबडीत थराच्या आतून. मग जरा वरून, "आ... आ..." कुणीतरी जपून, एकेक पाऊल टाकत चढत होतं. आवाज गुळगुळीत थरापाशी पोचला आणि थांबला.

"नूतन! आवाज बंद झाया ना?" वरून मामा आनंदाने ओरडले.

आवाज बंद झाला होता, कारण गुळगुळीत दगडावर त्याचे पाय आता दुखत नव्हते. चालणं मात्र थांबलं नव्हतं.

"वना... ओढ. लवकर ओढ रे..."

वर येताच ती म्हणाली, "मामा, विहीर बुजवून टाका."

"पन पानी?"

तिचा चेहरा बघून मामांनी वनाला यारी काढून ठेवायला सांगितली.

संध्याकाळी धुळ्याला घरी येऊन तिने बूट काढले. बुटांना ओरखडाही नव्हता. मोजे मात्र रक्ताने तळव्यांना चिकटले होते. आईने तिचा पाय मांडीवर घेऊन सुईने एक काळी कपची काढली आणि चटका बसल्यासारखी खाली टाकली.

फरशीवर जिथे ती पडली, तिथून बारीक धूर निघू लागला.